नव्या राजवाड्यातले भूत

(सायंवर्गाच्या मंडळींपुढे केलेले भाषण)



गेल्या रविवारी आपण अठरा जण एस.टी.ने कोल्हापूरला जाऊन आलो. अंबाबाईचे दर्शन झाले, रंकाळा पाहिला आणि नवा राजवाडा पाहिला. वर्गातले सहा जण मात्र आले नाहीत. एकाच्या उसाला पाण्याची पाळी होती. एकाची म्हैस व्यायली होती. एकीच्या घरी पाहुणे आले होते. हे सगळे समजण्यासारखे आहे. उरलेल्या तिघांनी काही कारणच सांगितले नाही. ते मला मागाहून कळले.

कारण असे, की आपल्या पारावर कुणीतरी बोलले होते, "त्या राजवाड्यात जाऊ नका. तिथं मेलेले वाघ उभे हायत. माणूस जिकडं जाईल तिकडं त्यांचे डोळे फिरतात. आणि वरच्या मनोऱ्यात कोण तरी फिरतंय म्हणे."

कोण फिरतंय, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. भुताची गोष्ट नेहमी अशीच असते. पाहणारा कुणी नसतो, सांगणारे सगळे असतात.

मी त्या तिघांना हसणार नाही, आणि तुम्हीही हसू नका. भीती कुणाला वाटत नाही? आज मी त्याच वाड्याविषयी बोलणार आहे. जे आले नाहीत त्यांना वाडा कळावा, आणि जे आले त्यांनी काय पाहिले ते पुन्हा आठवावे, एवढ्यासाठी.

वाडा कसा आहे

कोल्हापुरात एक जुना राजवाडा आहे आणि एक नवा. जुना राजवाडा अंबाबाईच्या देवळाजवळ, भवानी मंडपापाशी. नवा राजवाडा शहराच्या उत्तरेला, कसबा बावड्याच्या वाटेवर. नाव नवा, पण वय एकशे चाळीस वर्षांच्या वर. 1877 साली काम सुरू झाले आणि 1884 साली पुरे झाले. खर्च आला सुमारे सात लाख रुपये. त्या काळचे सात लाख बरे का!

आपली घरे कशी असतात? चार भिंती, चार कोपरे. वाडे असतात चौसोपी, मध्ये चौक. हा वाडा तसा नाही. हा अष्टकोनी आहे. म्हणजे आठ कोनांचा. मधोमध उंच मनोरा, मनोऱ्यावर मोठे घड्याळ, आणि भोवती लहान लहान मनोरे. एका बाजूने पाहिला तर देऊळ वाटते. दुसरीकडून पाहिला तर कमानी मशिदीसारख्या दिसतात. आणखी थोडे पुढे गेले की किल्ला वाटतो. आपल्यातले एक मामा म्हणाले, "गुरुजी, ह्या घराला पुढची बाजू कुठली आणि पाठीमागची कुठली, हेच कळंना!"

मामा बरोबर बोलले. हा वाडा मुद्दामच तसा रचलेला आहे. गुजरातेतल्या जैन देवळांचे नक्षीकाम, राजस्थानातल्या राजवाड्यांचे सज्जे, आपल्याकडच्या वाड्यांची धाटणी आणि विलायती पद्धतीचा घड्याळाचा मनोरा, असे चार मुलुखांचे काम एका ठिकाणी आणले आहे. दगड मात्र आपला. काळा, घोटून गुळगुळीत केलेला.

वाड्याच्या वरच्या भागात छत्रपतींचे घराणे आजही राहते. खालच्या भागात 1974 साली संग्रहालय सुरू झाले. त्याला शहाजी छत्रपती महाराजांचे नाव दिले आहे. संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तू जपून ठेवण्याची जागा. तिकीट काढून कुणीही आत जाऊ शकतो. तुम्ही आम्ही पायताणं घालून गेलो, आम्हाला कुणी अडवले नाही. एके काळी राजाच्या दारात उभे राहायला वर्दी द्यावी लागे. आज तिकीट पुरते.

आत काय पाहिले

आत तलवारी आहेत, बंदुका आहेत, पालख्या आहेत, हत्तीवर ठेवायच्या अंबाऱ्या आहेत. जुने पोशाख आहेत, तसबिरी आहेत. दरबाराचा दिवाणखाना दोन मजले उंच आहे. त्याच्या खिडक्यांना रंगीत काचा आहेत, आणि त्या काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग काढलेले आहेत. बाहेरचे ऊन आत आले की काचेतले रंग उजळतात. तिथे आपली सगळी मंडळी गप्प झाली. बोलायला कुणाला सुचेना.

मग आला जनावरांचा दिवाणखाना. ज्याची गावात एवढी चर्चा झाली, तोच हा.

तिथे उजेड बेताचा. बाहेरच्या उन्हातून आत गेले की आधी काही दिसतच नाही. भिंती जाड दगडाच्या, त्यामुळे गारवा. एकजण खोकला तर आवाज लांबवर घुमतो. आणि मग हळूहळू दिसू लागतात वाघ, बिबटे, गवे, रानडुकरे, हरणे. काही नुसती मुंडकी, काही अख्खी. हत्तीच्या पायाची केलेली तिवईसुद्धा आहे.

आपल्या वर्गातल्या आक्का दारातच थांबल्या. मी त्यांना विचारून हे सांगतो आहे. त्या म्हणाल्या, "सांगा गुरुजी, मला त्याची लाज न्हाई."

आक्का साठी उलटलेल्या. शेतात एकटीने नांगरामागे चाललेली बाई. पण दारातून म्हणाल्या, "गुरुजी, म्या न्हाई आत यायची. त्यो बघा, त्यो काळा माणूस कोपऱ्यात हुबा हाय."

मी पाहिले. कोपऱ्यात खरोखरच काहीतरी काळे होते. मी म्हणालो, "आक्का, त्याच्यापाशी एक पाटी आहे. ती वाचली की कळेल."

"तुम्हीच वाचा."

"मी वाचून काय उपयोग? माझी भीती जाईल. तुमची कशी जाईल?"

आक्का थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग पदर खोचला आणि गेल्या. पाटीवर अक्षरे तीनच. त्यांनी बोट धरून वाचली. पहिले अक्षर अ. दुसऱ्याशी अडल्या. जोडाक्षर होते. गेल्याच महिन्यात आपण अर्धा स शिकलो. त्यांनी ओठातल्या ओठात स आणि व जोडले. मग ल. आणि मोठ्याने म्हणाल्या, "अस्वल! अगं बया, हे तर अस्वल हाय!"

सगळा दिवाणखाना घुमला. लोक वळून पाहू लागले. आक्का हसल्या, आणि मग मी पाहिले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्या वेळी मला त्याचे कारण कळले नाही. पुढे कळले. तेही सांगतो.

डोळे का फिरतात

मेलेले जनावर इतकी वर्षे कसे टिकते? यात मंत्र नाही, तंत्र नाही. कातडे कमावण्याचे काम आपल्या कोल्हापूरच्या माणसांना नवे नाही. आपले कोल्हापुरी पायताण त्याच विद्येवर जगभर गेले. शिकार झालेल्या जनावराचे कातडे सोलून काढतात. त्याला मीठ लावतात, सुकवतात, कमावतात. मग जनावराच्या मापाचा एक साचा करतात आणि त्यावर ते कातडे चढवून शिवतात. आतले मांस, आतडी काही राहत नाही. म्हणून ते कुजत नाही. मैसूरला या कामाची एक मोठी पेढी होती. देशभरच्या राजांची जनावरे तिथे जात.

डोळे मात्र खरे टिकत नाहीत. ते काचेचे बसवतात. काच गोल, आणि चकाकणारी. आपण जिथे उभे राहू तिथून तिच्यावर उजेडाचा ठिपका दिसतो. आपण सरकलो की ठिपका सरकतो. म्हणून वाटते, की वाघ आपल्याकडे बघतो आहे. घरी पाण्याने भरलेल्या काचेच्या गोल बरणीवर दिवा धरून पाहा आणि जरा डावी-उजवीकडे सरका. बरणीचाही डोळा फिरेल.

पण एक गोष्ट विसरू नका. ती जनावरे भूत नसली, तरी ती एके काळी जिवंत होती. कोल्हापूर संस्थानात शिकारीची मोठी हौस. इथे चित्ते पाळीत. त्यांना शिकवून त्यांच्याकडून काळवीट धरवीत. चित्ता शिकवणाऱ्या माणसाला चित्तेवान म्हणत. चित्ता आणि बिबट्या एक नव्हे. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके असतात, आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरलेली असते, काजळ ओघळल्यासारखी. असा हा चित्ता आपल्या देशातून पार नाहीसा झाला. तसे 1952 साली जाहीर झाले. पुढे सत्तर वर्षांनी, 2022 साली, आफ्रिकेतल्या नामिबिया देशातून आठ चित्ते आणून मध्य प्रदेशात कुनोच्या जंगलात सोडले. जे एकदा संपवले, ते परत आणायला किती लांब जावे लागले, पाहा.

ज्याने बांधला त्याची गोष्ट

आता मनोऱ्यात फिरणाऱ्याकडे येऊ.

हा वाडा रचला एका इंग्रज इंजिनियराने. त्याचे नाव मेजर चार्ल्स मँट. तो पलटणीतला इंजिनियर होता. आपण ज्याला थोरला दवाखाना म्हणतो, तो सी.पी.आर. दवाखाना त्यानेच रचला. त्याच्याजवळचा टाउन हॉल, जिथे आज सरकारी संग्रहालय आहे, तोही त्याचाच. बडोद्याचा मोठा राजवाडाही त्याने आखला. म्हणजे आपल्यातले जे जे कुणी थोरल्या दवाखान्यात गेले, ते या माणसाच्या छपराखाली झोपून आले.

या मँटसाहेबाविषयी एक गोष्ट लिहून ठेवलेली सापडते. एवढ्या मोठमोठ्या इमारती एकाच वेळी चालू होत्या. त्याच्या मनाने घेतले, की आपली गणिते चुकली. आपण बांधलेले सारे वाडे कोसळणार. तो विचार काही केल्या त्याच्या डोक्यातून जाईना. त्यातच त्याचे मन बिघडले, आणि 1881 साली तो वारला. राजवाडा पुरा व्हायला अजून तीन वर्षे होती. आपण रचलेला वाडा उभा राहिलेला त्याने पाहिलाच नाही.

आता मला सांगा, वाडा पडला का?

नाही पडला. 1967 च्या डिसेंबरात 11 तारखेला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. तुमच्यातल्या जाणत्यांना तो आठवत असेल. लोक थंडीत घराबाहेर पळाले होते. कोयनानगर उद्ध्वस्त झाले. हा वाडा त्यातूनही उभाच राहिला. दवाखाना उभा. टाउन हॉल उभा. बडोद्याचा राजवाडा दुसऱ्या इंजिनियराने पुरा केला, तोही उभा. बिचारा मँट ज्या भीतीने गेला, ती भीती खोटी होती.

मी हे सांगत असताना आपले आण्णा मनोऱ्याकडे टक लावून पाहत होते. आण्णा तीस वर्षे गवंडीकाम करतात. ते म्हणाले, "गुरुजी, एवढा शिकलेला माणूस, त्यानं ओळंबा लावून बघितला न्हाई का?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

आण्णा म्हणाले, "अहो, बांधताना आम्हालाबी भ्या वाटतंय. रात्री झोप येत न्हाई. वाटतं, भिंत कलली. मग सकाळी उठून ओळंबा लावायचा. दोरी सरळ तर भिंत सरळ. तरीबी मन खात असलं तर दुसऱ्या गवंड्याला बोलवायचं. म्हणायचं, बाबा, तू बघ. एकट्यानं कुढत बसलं की सरळ भिंतबी वाकडीच दिसणार."

मंडळी, मी पस्तीस वर्षे शाळेत शिकवले. पण त्या दिवशी मी आण्णांकडून शिकलो. भीती वाटणे हा गुन्हा नाही. भीती वाटली की मोजावे, आणि दुसऱ्याला विचारावे. मँटसाहेबाला मोजता येत होते. पण पुढे मनच आजारी पडले, आणि आजारी मनाला स्वतःचे गणितही पटत नाही. असा आजार कुणालाही होऊ शकतो, शिकलेल्याला आणि न शिकलेल्याला. आपल्या घरी कुणी असा एकटा कुढत असेल, रात्र रात्र जागत असेल, तर त्याला बाहेरची बाधा झाली म्हणून देवऋषाकडे नेऊ नका. डॉक्टरकडे न्या. आज त्याला औषध आहे. सरकारने 14416 हा फोन नंबर त्यासाठीच ठेवला आहे. तिथे फोन केला तर पैसे पडत नाहीत.

ज्याच्या राज्यात बांधला त्याची गोष्ट

वाड्याचे काम सुरू झाले तेव्हा करवीरच्या गादीवर होते चौथे शिवाजी महाराज. त्यांचे वय तेव्हा चौदा. ते दत्तक आलेले. त्यांच्या आधीचे राजाराम महाराज विलायतेच्या प्रवासाला गेले होते. परत येताना 1870 साली इटली देशात, फ्लॉरेन्स गावी वारले. वय अवघे वीस. दोन नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले. तिथे त्यांची छत्री आजही आहे. मग 1871 साली या आठ वर्षांच्या मुलाला गादीवर बसवले.

मुलगा लहान, म्हणून कारभार इंग्रजांच्या आणि दिवाणाच्या हाती. पुढे इंग्रज सांगू लागले, की महाराजांना वेड लागले आहे. कोल्हापूरचे लोक म्हणत, वेड नाही, महाराजांचा छळ चालला आहे. शेवटी महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. तिथे 25 डिसेंबर 1883 या दिवशी पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि त्यात महाराज गेले. वय वीस. पुढच्याच साली इकडे वाडा बांधून पुरा झाला.

म्हणजे बघा, ज्याने वाडा रचला त्याने तो पुरा झालेला पाहिला नाही. ज्याच्या राज्यात रचला तो राजाही त्यात राहायला आला नाही. आपल्या लोकांचा जीव हळहळतो. आणि जिथे जीव हळहळतो, तिथे माणसाला पावले ऐकू येतात. मनोऱ्यात कोण फिरते, असे जर मला कुणी विचारले, तर मी म्हणेन, भूत नाही, आपली हळहळ फिरते.

कागदाचे भूत

दुपारी आपण वाड्याबाहेर झाडाखाली भाकरी सोडली. ठेचा होता, कांदा होता. आक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "गुरुजी, पाटीवर अस्वल लिवलं होतं म्हणून म्या अस्वल मानलं. पण पाटी लिवणाऱ्यानं खोटं लिवलं असलं तर?"

मी चकित झालो. मी विचारले, "आक्का, असे का वाटले?"

तेव्हा त्यांनी सांगितले. मालक वारल्यानंतर भावकीतला एकजण कागद घेऊन आला होता. म्हणाला, "सोसायटीच्या कर्जाचा कागद हाय. अंगठा कर." आक्कांनी विश्वासाने अंगठा केला. तो कागद कर्जाचा नव्हता. वर्षभराने वढ्याकडची वीस गुंठे दुसऱ्याच्या नावावर निघाली. "त्या कागदावर काय हुतं, मला दिसत हुतं. पण कळत न्हवतं. काळ्या मुंग्यांची रांग दिसावी तसं दिसत हुतं. आज त्या अंधारात तीन अक्षरं कळली आणि मला त्यो कागद आठवला. तवा वाचता आलं असतं तर?"

म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

मी आक्कांना म्हणालो, "तुमचा प्रश्न लाखाचा आहे. याच राजवाड्याच्या इतिहासात त्याचे उत्तर आहे." आणि मी त्यांना सांगितले ते आता तुम्हाला सांगतो.

चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ होतो आहे, अशी बोलवा जेव्हा पुण्याला पोचली, तेव्हा तिथे दोन तरुण वर्तमानपत्र चालवीत होते. वर्तमानपत्राचे नाव केसरी. तरुणांची नावे बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर. दोघेही पंचविशीतले. दोघांचे रक्त सळसळले. कोल्हापूरच्या दिवाणाच्या हातची म्हणून काही पत्रे त्यांना मिळाली होती. त्यांच्या आधारावर त्यांनी दिवाणावर कडक लेख लिहिले. दिवाणाने अब्रूनुकसानीची फिर्याद केली. कोर्टात काय निघाले? ती पत्रे बनावट होती. खोटी! दोघांनी माफी मागितली. तरीही 1882 साली त्यांना चार महिन्यांची कैद झाली. मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात ते 101 दिवस राहिले, मग सुटले. आगरकरांनी त्यावर पुढे पुस्तकही लिहिले.

मंडळी, टिळक आणि आगरकर म्हणजे केवढे विद्वान! त्यांचा हेतूही चांगला. एका पोरक्या राजासाठी ते तळमळत होते. पण एक खोटा कागद खरा मानला, आणि तुरुंग पाहावा लागला. तेव्हा नुसते वाचता येणे पुरत नाही. वाचलेले पारखताही यावे लागते. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो, तसा आपण कागदाला ओळंबा लावावा.

हा ओळंबा म्हणजे चार प्रश्न. सोपे आहेत. फळ्यावर लिहिले आहेत. सगळ्यांनी वहीत उतरून घ्या.

हे कुणी लिहिले?
केव्हा लिहिले?
कशासाठी लिहिले?
दुसरीकडे ताडून पाहता येईल का?

पाटीवर अस्वल लिहिले होते. आक्कांनी पाटी वाचली, आणि मग नखे पाहिली, लांब तोंड पाहिले, केस पाहिले. पाटी आणि जनावर जुळले. हेच ताडून पाहणे. कुणी सातबारा दाखवला, तर तलाठ्याकडे किंवा सरकारी संगणकावर दुसरी प्रत काढून पाहावी. कुणी मोबाइलवर निरोप पाठवला, की अमुक बातमी चौघांना कळवा, नाही तर कोप होईल, तर तेच चार प्रश्न विचारावेत. आणि आपल्या पारावर कुणी म्हणाले, वाड्यात भूत आहे, तर म्हणावे, "तू पाहिलंस का? कधी? कुठं? तुझ्याबरोबर कोण होतं?" चौथ्या प्रश्नापर्यंत भूत सहसा टिकत नाही.

राजाने लावलेला दंड

चौथे शिवाजी महाराज गेले, आणि 1884 च्या मार्च महिन्यात कागलच्या घाटग्यांचा नऊ वर्षांचा मुलगा दत्तक आला. तेच आपले राजर्षी शाहू महाराज. 1894 साली कारभार हाती आला. त्यांच्या आधीच्या दोन राजांचे काय झाले ते आपण ऐकले. एक परमुलखात गेला, एक कैदेत गेला. शाहू महाराजांनी आपल्या प्रजेसाठी काय केले? 1917 साली त्यांनी हुकूम काढला, की संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत. जो आईबाप पोराला शाळेत धाडणार नाही, त्याला महिन्याला एक रुपया दंड.

तेव्हा रुपया म्हणजे गरिबाला जड. पण महाराजांना कळले होते, की अंगठा करणाऱ्याला कुणीही फसवील, मग तो सावकार असो नाही तर भावकीतला माणूस. दंड लावून का होईना, पण प्रजेच्या हातात अक्षर पडले पाहिजे. तुम्हा मंडळींना कुणी दंड लावला नाही. दिवसभर राबून, डोळ्यांवर झोप असताना, तुम्ही आपल्या पायांनी इथे येता. मला त्याचे मोल वाटते.

आक्कांची वीस गुंठे त्या दिवशी परत आली नाहीत. गेलेली जमीन तीन अक्षरांनी परत येत नाही. तसे मी सांगितले तर ते खोटे होईल. पण परवा आक्कांच्या घरी पुन्हा एक कागद आला. बँकेचा होता. सही करा, असे आणणारा घाईने म्हणाला. आक्का म्हणाल्या, "आज न्हाई. कागद ठेवून जा. आधी वाचते, मग बघू." त्याने कटकट केली. आक्का हलल्या नाहीत. तो कागद त्यांनी पदरात बांधून आज इथे आणला आहे. भाषण संपले की आपण सगळे मिळून तो वाचणार आहोत. बरोबर असला तर आक्का सही करतील. अंगठा नाही, सही.

जे तिघे सहलीला आले नाहीत त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या महिन्यात मी पुन्हा कोल्हापूरला जाणार आहे. बरोबर चला. भीती वाटली तर माझा हात धरा. कोपऱ्यात काही काळे दिसले, तर त्याच्यापाशी पाटी आहे. ती वाचा.

आणि येत्या बुधवारी प्रत्येकाने घरातला एक कागद आणायचा. सातबारा असो, विजेचे बिल असो, रेशनकार्ड असो, पोराच्या शाळेचे पत्र असो. ज्या कागदाला आजवर भ्यालात, तोच आणा. आपण त्याला ओळंबा लावू.

आता आक्का, तो कागद सोडा. दिवा जरा इकडे घ्या.